धंदा वाढविताना सल्ला कोणाचा घ्यावा?

शेतीस जोडधंदा हवा, आणि असलेला जोडधंदा वाढविला पाहिजे, हे आता कोणास पटवून देण्याची गरज राहिलेली नाही. दोन गाई असलेल्यास दहा कराव्याशा वाटतात, गुऱ्हाळ असलेल्यास गुळाच्या वड्या पाडून शहरी पाठवाव्याशा वाटतात, हळद पिकविणाऱ्यास ती दळून विकावीशी वाटते. इच्छा रास्त आहे. परंतु इच्छा झाल्यापासून भांडवल गुंतेपर्यंतच्या काळात मनुष्य कोणाकोणाच्या ओट्यावर जाऊन बसतो, यावर पुढील दहा वर्षांचे बरेवाईट ठरते असे आमच्या अनुभवास आले आहे. त्या ओट्यांविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. तालुक्याच्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनास शेतकऱ्याचा धंदा चढताना फारसा दिसत नाही. उतरताना मात्र हटकून दिसतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना असतो त्यात एक बोजा चढला, त्याखाली दुसरा चढला, पुढे जप्तीची नोटीस लागली, की त्या खातेदाराची हकीकत विचारण्याची गरज उरत नाही. असे खातेदार टेबलापाशी येत आणि म्हणत, “भाऊसाहेब, आम्हाला सांगणाराने तसे सांगितले.” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे त्याकडे आमचे लक्षही जाईनासे झाले. अखेर ते आमच्याच घरात ऐकावयास मिळाले, तेव्हा त्याचा अर्थ नीट समजला.

आमचे धाकटे बंधू वडिलोपार्जित जमीन पाहतात. विहीर बागायत दोन एकर, बाकी जिराईत. घरच्या दोन संकरित गाई होत्या आणि त्यांचे दूध घालून घराचा किरकोळ खर्च भागत असे. 2019 साली त्यांनी दहा गाईंचा गोठा करावयाचे ठरविले. बँकेस प्रकल्प अहवाल लागतो, सबब तालुक्याच्या गावी असा अहवाल करून देणारा एक सल्लागार गाठला. त्याने पाच दिवसांत चाळीस पानांचे सुबक बाड हाती दिले. दहा गाई, प्रत्येकी रोज वीस लिटर, वर्षाचे दिवस 365, म्हणजे 73,000 लिटर. दर लिटरी 27 रुपये. एकूण उत्पन्न 19 लाख 71 हजार. गाई 7 लाखांच्या, पक्का गोठा साडेतीन लाखांचा, दूध काढण्याचे यंत्र व कडबाकुट्टी मिळून दीड लाख, एकंदर 12 लाखांचे कर्ज. बंधूंनी ते बाड आमच्यापुढे ठेविले. आम्ही आकडेमोड तपासली, बेरजा बरोबर होत्या, आणि आम्ही जामीनदार म्हणून सही केली. बेरजा तपासणे हेच आमचे उभ्या नोकरीतील काम असल्याने, बेरीज बरोबर म्हणजे हिशेब बरोबर अशी आमची समजूत झालेली होती.

ज्याने गाय पाळली आहे तो वाचक एव्हाना हसला असेल. गाय वर्षातील 365 दिवस दूध देत नाही. ती विण्यापूर्वी निदान दोन महिने आटवावी लागते, पुन्हा गाभण राहावयास वेळ घेते, आणि दहांच्या गोठ्यात कोणत्याही दिवशी दोन-तीन भाकड असावयाच्याच. आमच्याकडे सात दुभत्या आणि तीन भाकड असे प्रमाण राहिले; दुभत्यांची सरासरी चौदा लिटर पडली. दिवसाचे 98 लिटर, वर्षाचे 35,770. अहवालातील दुधाच्या निम्म्यासही ते पुरे पोचत नव्हते. महिन्याचे दूध 79 हजारांचे होई. त्यातून पशुखाद्य साडेचौतीस हजार, विकतचा हिरवा चारा सव्वाअकरा हजार, गडी नऊ हजार, कडबा सहा हजार, औषधपाणी तीन हजार, असे सुमारे 64 हजार जाऊन हाती पंधरा-सोळा हजार राहत. बँकेचा हप्ता होता 26 हजारांचा.

हे भाव चांगले असतानाचे झाले. 2020 साली टाळेबंदी लागली, हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडली, आणि गाईच्या दुधाचा दर लिटरी वीस रुपयांच्याही खाली आला. त्या वर्षी पावसाळ्यात दूध उत्पादकांनी राज्यभर आंदोलने केली हे वाचकांस स्मरत असेलच. 19 रुपये दराने आमचे महिन्याचे दूध 56 हजारांचे झाले, आणि खर्च 64 हजारांचा तसाच उभा. हप्ता तर दूरच, गाईंच्या तोंडात घालावयास पदरचे आठ हजार. हप्ते काही महिने लांबणीवर टाकण्याची सवलत मिळाली. पण व्याज काही थांबले नाही. 2021 साली बँकेची नोटीस आली. आमच्या वडिलांच्या हातच्या जमिनीचा सातबारा आम्ही आमच्याच कचेरीत काढून पाहिला आणि त्या रकान्यात बंधूंचे नाव वाचले.

आता अपराध कोणाचा? सल्लागारास आम्ही दोष देऊ लागलो तेव्हा बंधू म्हणाले, “दादा, त्याला मी गोठा चालेल का असे विचारलेच नव्हते. कर्ज मिळेल का असे विचारले होते. कर्ज त्याने मिळवून दिले.” हे अक्षरशः खरे होते. कर्ज मंजूर करून देण्याची विद्या त्याला अवगत होती आणि तीच त्याने विकली. दूध काढण्याचे यंत्र ज्या दुकानातून घ्यावयास त्याने सांगितले, तेथूनही त्यास काही पोचले असे मागाहून कळले. परंतु तेही आम्ही आधी विचारले नव्हते.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, चांगला सल्लागार कोण हा प्रश्न पहिला नव्हेच. आपणांस नेमके काय कळत नाही, हा पहिला. पीक वा जनावर कसे वाढवावे हे कळत नसते, की माल कोठे खपवावा हे कळत नसते, की पैसा कोठून आणावा हे, की आपल्याच घरात पैसा कोठे मुरतो हे? या निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सर्व सांगणारा एकच गृहस्थ भेटला तर खुशाल संशय घ्यावा.

या बाबतीत खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तो जिल्हा त्या काळी आपल्याच मुंबई इलाख्यात होता. तेथील दूध मुंबईस पुरविण्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता आणि शेतकऱ्याच्या हाती योग्य भाव पडत नव्हता. ही मंडळी वल्लभभाई पटेलांकडे गेली. त्यांनी गाईम्हशींविषयी काही सांगितले नाही. तुम्ही आपली सहकारी संस्था काढा, दूध स्वतः विका, आणि त्यापायी काही दिवस दूध बंद ठेवण्याची तयारी असेल तरच या कामास हात घाला, असा त्यांच्या सल्ल्याचा भावार्थ होता. जानेवारी 1946 मध्ये सामरखा येथे मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली, पंधरा दिवस दूध बंद राहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संघाची नोंदणी झाली. संघटनेचा प्रश्न सुटला. गावोगाव हिंडून लोकांचा विश्वास मिळविण्याचे काम त्रिभुवनदास पटेलांनी केले. ते तेथीलच होते, बाहेरच्यास ते साधले नसते. पुढे यंत्रे चालविण्याचा व कारभाराचा प्रश्न आला तेव्हा 1949 साली सरकारी नोकरीनिमित्त आणंदास आलेले वर्गीस कुरियन त्यांस मिळाले. आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असता, ती करून दाखविणारे ह. म. दलाया हे आणखी निराळे. त्या भुकटीचा कारखाना 1955 साली उभा राहिला. प्रश्न बदलला तसा सल्लागार बदलला. राजकारणातल्या थोर पुरुषास त्यांनी भुकटीचे विचारले नाही, आणि इंजिनियरास लोक कसे जमवावे हे विचारले नाही.

आपल्याकडे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तेच केले. स्वतःचे शिक्षण बेताचे, पण उसाची आणि माणसांची पारख पक्की. साखर कारखाना काढावयाचा तर भागभांडवल कसे उभारावे, सभासदांचे देणेघेणे कसे राखावे, सरकारापुढे मागणी कशी मांडावी, हे आपणांस येत नाही हे त्यांनी ओळखले आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांस नुसते सल्ल्यापुरते न बोलाविता कारखान्याच्या अध्यक्षस्थानी बसविले. प्रवरेचा कारखाना 1948 साली नोंदला गेला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. ज्याने सल्ला दिला त्याच्याच गळ्यात जबाबदारीही पडली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. बाड लिहून देऊन मोकळा होणारा आणि तोट्याच्या सभेत समोर बसून उत्तर देणारा यांच्या बोलण्यात फरक असावयाचाच.

दुसरी गोष्ट, सल्ला देणाऱ्याचे पोट कशावर चालते हे पाहावे. यात कोणाचा अवमान नाही. पोट सर्वांस आहे. खते व औषधे विकणारा दुकानदार फवारणी सांगतो, ती बहुतकरून त्याच्या फळीवर असलेल्या बाटलीची असते. तो उधार देतो, रात्री दार ठोठावले तरी उघडतो, आणि त्याची विचारपूस सरकारी अधिकाऱ्याहून गोड असते, हेही खरे. म्हणून त्याच्याकडून माल घ्यावा. निदान मात्र दुसऱ्याकडून करवावे. तसेच कर्जप्रकरणे करून देणाऱ्यांचे. 2020 साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली, तीत शेतकऱ्यास मदत करणाऱ्या साधनव्यक्तीचे मानधन कर्ज मंजूर झाले म्हणजे आणि पुढे नोंदणी, परवाना वगैरे पुरे झाले म्हणजे देण्याची व्यवस्था ठेविली. व्यवस्था वाईट नव्हे, कागदपत्रांत अडलेल्या अनेकांस तिचा उपयोग झाला. परंतु त्याचे काम जेथे संपते तेथे आपले सुरू होते, एवढे ध्यानात असावे.

आणि जेथे शिकविणारा, पिले विकणारा आणि माल परत घेणारा एकच असेल तेथून तर पाय काढता घ्यावा. 2012 साली तामिळनाडूत पेरुंदुराईकडे इमू पक्ष्यांच्या पायी हजारो लोकांचे पैसे बुडाले. आपल्या सांगली जिल्ह्यात 2019 साली कडकनाथ कोंबड्यांचे तेच झाले. अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेऊ असे लेखी देऊन पैसे घेतले आणि पुढे खरेदी थांबली. कडकनाथ ही झाबुआकडील जुनी, काटक जात आहे, तिच्यात काही खोट नव्हती. तिला बाजारात खरे गिऱ्हाईक किती, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांनी ज्यास विचारला तोच विकणारा होता.

सरकारी सल्ल्याविषयी आमच्या लोकांत दोन टोके दिसतात. कित्येकांस तो निव्वळ कागदी वाटतो, तर कित्येकांस छापील म्हणून वेदवाक्य वाटतो. राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील विद्यापीठे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रे यांच्याकडून वाण, जमीन, रोग, चारा यांविषयी जे मिळते ते फुकट असते आणि बहुतांशी भरवशाचे असते. तेथील मनुष्यास आपणांस काही विकावयाचे नसते, हा त्याचा मोठा गुण. उणीव ही की तुमच्या विहिरीचे पाणी आणि तुमच्या घरातील हात त्यास ठाऊक नसतात. ते तुम्ही सांगावयाचे असते. शिवाय सरकारी यादीही कधी अपुरी असते. 2010 साली आपली द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. वेलीची वाढ आवरण्यास ते द्रव्य बागाईतदार वापरीत असत, आणि निर्यातीपूर्वी तपासावयाच्या द्रव्यांत त्याचा समावेश नव्हता. ज्यांनी यादी तंतोतंत पाळली त्यांचाही माल अडकला. म्हणून परदेशी माल पाठविणाऱ्याने तिकडच्या गिऱ्हाइकाकडूनच त्याचा नियम लेखी मागवावा, असे जुने निर्यातदार सांगतात ते योग्य आहे.

हल्ली हातातील मोबाइलवर पाहिजे त्या धंद्याचे चित्रण दिसते आणि एकरी लाखांचे आकडे ऐकू येतात. आम्हीही पाहतो. त्यात एकाही गाईने लाथ मारलेली आम्ही अद्याप पाहिली नाही.

असो. आमच्या गोठ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. नोटीस आल्यावर आम्ही शेजारच्या गावातील एका बाईंकडे गेलो. त्या नात्याने आमच्या दूरच्या वहिनी. यजमान वारल्यापासून बारा वर्षे आठ गाई एकट्या सांभाळीत होत्या, आणि गावात कर्ज नसलेल्या दोन-तीन घरांत त्यांचे घर मोजले जाई. त्यांच्याकडे आधीच का गेलो नाही, असे वाचक विचारतील. खरे सांगावयाचे तर, त्यांच्याकडे बाड नव्हते. त्यांनी आमचे सर्व ऐकून घेतले आणि बंधूंस विचारले, “भाऊजी, चैत्रात तुमच्या विहिरीला पाणी किती तास चालतं?” चाळीस पानांत हा प्रश्न कोठेही नव्हता. बँकेने तो विचारला नव्हता, आणि आम्हीही नव्हता.

त्यांचा हिशेब तोंडी होता. आम्ही तो कागदावर उतरविला. एका गाईस रोज पंचवीस किलो हिरवा चारा अथवा मुरघास धरला तर दहा गाईंस वर्षास एक्याण्णव टन लागतो. मका एकरी पंधरा ते वीस टन निघतो, म्हणजे साडेचार ते सहा एकर पीक पाहिजे. आमचे बागायत दोन एकर. त्यात दोन हंगाम मका घेतला तरी चार एकरांचे पीक. तेवढ्यावर सहा गाई बसतात, दहा बसत नाहीत. उरलेल्या चार विकतच्या चाऱ्यावर जगत होत्या आणि बाकी सहांचा नफा खात होत्या. वहिनी म्हणाल्या, “चार काढा. मन घट्ट करून काढा, नाहीतर सहाही जातील.” मुरघास कसा करावा हे मात्र त्यांनी सांगितले नाही. “ते मला धड येत नाही, कृषि विज्ञान केंद्रात साहेब आहेत त्यांना विचारा,” असे त्या म्हणाल्या. आपणांस काय येत नाही हे उघड सांगणारा सल्लागार आम्हांस तेव्हा पहिल्यांदाच भेटला. केंद्रातील अधिकाऱ्यांनी मका चिकात असताना कापून दाबून भरावयाचे शिकविले, आणि पक्क्या गोठ्याबाहेर झाडाखाली जाळी मारून गाई मोकळ्या सोडावयास सांगितल्या. साडेतीन लाखांच्या गोठ्यात हल्ली बव्हंशी मुरघासाच्या पिशव्या असतात.

चार गाई विकल्या. आलेले पैसे बँकेत भरले आणि हप्त्यांची मुदत वाढवून घेतली. 2022 साली लम्पीची साथ आली, तेव्हा गावात निरनिराळे लेप व काढे सांगणारे पुष्कळ होते. आम्ही पशुवैद्यकांस विचारून शेळ्यांच्या देवीची लस टोचून घेतली. तरी एक गाय दगावली. पाच राहिल्या, पुढे घरचीच कालवड गाभण राहून सहा झाल्या. 2024 साली आम्ही सेवानिवृत्त झालो, तेव्हा मिळालेल्या रकमेतून उरलेले कर्ज फेडले आणि बोजा कमी केल्याची फेरफार नोंद करवून घेतली. घराच्या दुरुस्तीसाठी राखलेले ते पैसे होते, आणि घर अद्याप तसेच गळते आहे.

पैसे देऊन सल्ला घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. कर, कंपनीची नोंदणी, अन्नाचा परवाना, निर्यातीचे कागद, यांस जाणता मनुष्य पाहिजेच आणि त्याची फी देणे रास्त आहे. 2002 साली कायद्यात उत्पादक कंपन्यांची तरतूद झाल्यापासून अनेक गावांत शेतकऱ्यांनी कंपन्या काढल्या आहेत, आणि वर्षाचे हिशेब वेळेवर न भरल्याने दंडात सापडलेल्याही त्यांत आहेत. तेथे घरगुती शहाणपण कामाचे नाही. मात्र फी ठरविताना ती तुम्हीच द्या. ती दुसरा कोणी देत असेल तर कोण, हे तोंडावर विचारा. ज्यांचे काम त्याने मागे केले अशा दोघांची नावे घ्या, आणि त्यांतला एक फसलेला असू द्या. मग त्याच्या घरी जाऊन चहा प्या. लेखी अहवाल मिळाल्यावर त्यातील उत्पन्न निम्मे आणि खर्च तसाच ठेवून हप्ता निघतो का ते स्वतः मांडून पाहा. हे मांडावयास मराठी चौथीचे गणित पुरते. आम्ही ते केले असते तर एका संध्याकाळचे काम होते.

आणि घरची वही ठेवा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर येथे घराघराचे जमाखर्च लिहून घेतले आणि ते 1917 साली छापले, त्यास शंभरांवर वर्षे झाली. तरी आज कोणा शेतकऱ्यास गेल्या सालचा पशुखाद्याचा खर्च विचारला तर तो आढ्याकडे पाहतो. ज्याची वही नाही त्यास उत्तम सल्लागारही अंदाजानेच सांगणार.

आमचे बंधू आता वही ठेवितात. रोजचे दूध, फॅट, खाद्य, आणि प्रत्येक गाय केव्हा व्याली व केव्हा आटली ते त्यांच्या सूनबाई लिहितात. गेल्या महिन्यात बंधूंनी पुन्हा विषय काढला. शेजारचा दीड एकर वाट्याने मिळतो आहे, त्यास कालव्याचे पाणी आहे, तेव्हा आणखी दोन गाई घ्याव्या काय? आम्ही हो-ना काही म्हटले नाही. वही घेऊन रविवारी दोघेही वहिनींकडे जाणार आहोत.